प्रशस्त आणि हवेशीर

(शाळेच्या जिन्याचा मधला चौक. इथेच टेबल टाकून मोठ्या बाईंचं ऑफिस केलेलं आहे. नव्या शाळेचा ठेकेदार, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, समोरच्या पायरीवर बसला आहे.)

दादा : मला एवढंच कळत नाही, चिमे. उद्या शिक्षण कचेरीचे साहेब शाळा बघायला येणार आणि नेमकी उद्याच तुला पोरं बागेत न्यायची सुचतात?

बाई : आधी पाय आवर. त्या पायरीवर तिसरीची दप्तरं आहेत. आणि शाळेत मला चिमी म्हणू नकोस म्हणून कितीदा सांगायचं?

दादा : बरं, मोठ्या बाई. आता बोला. नात काल नाचतच घरी आली. म्हणे, आजोबा, साहेब येणार म्हणून आमची क्षेत्रभेट! मला वाटलं पोरीचं काहीतरी चुकतंय. तर सूनबाई म्हणते, नाही हो बाबा, दर वेळी असंच असतं. दर वेळी?

बाई : दर वेळी.

दादा : आणि मला कुणी सांगितलं नाही.

बाई : तू ठेकेदार. तू भिंती बांध. शाळा कशी चालवायची ते माझं मी बघते.

दादा : भिंतीच बांधायच्यात ग मला! नव्या शाळेवर ये एकदा आणि वर चढून बघ. खालच्या मजल्याचा स्लॅब कधीच पडला. वर कॉलमच्या सळया हातहातभर काढून ठेवल्यात, गंजायला लागल्यात. का ठेवल्यात? वरचा मजला मंजूर होईल म्हणून. कोण करणार मंजूर? उद्याचे साहेब. काय बघून करणार? गर्दी बघून. आणि तू गर्दीच उचलून बागेत पाठवतेस!

बाई : सगळी नाही पाठवत.

दादा : हो, निम्मी. त्या सरांच्या, दुसऱ्या भाषेच्या माध्यमाची. म्हणजे माझ्या नातीची.

बाई : तिला त्या माध्यमात मी नाही घातलं.

दादा : तिची आई त्या भाषेची. अभ्यास तीच घेते. मग कुठे घालणार होतो?

बाई : अरे, हळू बोल. खाली वर्ग चालू आहे.

दादा : मधली सुट्टी आहे ना?

बाई : मोठ्यांची. लहानांची आत्ताच संपली. सगळ्यांना एकदम सोडलं तर अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. ए! कोण रे ते उड्या मारत उतरतंय? ऑफिस आहे हे! ऑफिसमधून चालत जायचं!

दादा : ऑफिस म्हणे.

बाई : मग काय करू? माझ्या खोलीत सरांची पहिली बसते. शिक्षकांच्या खोलीत आपली चौथी. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका भिंतीला आपली दुसरी आणि दुसऱ्या भिंतीला सरांची दुसरी, पाठीला पाठ लावून.

दादा : दोन्ही एकाच वेळी? मग एकमेकांचा आवाज नाही होत?

बाई : पाळी ठरवलीय. खिडकीत डस्टर उभा ठेवला की आपल्या मुलांनी बोलायचं आणि त्यांनी लिहायचं. आडवा केला की त्यांनी बोलायचं आणि आपल्यांनी लिहायचं. तिथल्या बाई सांगत होत्या, घरी नवरा बोलायला लागला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

दादा : हसवू नकोस. मी भांडायला आलोय.

बाई : भांड की. हसले नाही तर रडू येतं, म्हणून हसते. तू तरी मला बोलू नकोस, दादा. कारखान्यामागची अख्खी वसाहत तूच बांधलीस. एकेक इमारत उभी राहायची आणि तू पेढे वाटल्यासारखा सांगत यायचास, आणखी एक भरली, आणखी एक भरली. त्या घरांतून पोरंही राहायला येतील हे तुझ्या कुठल्या नकाशात नव्हतं?

दादा : नकाशात शाळेची जागा होती. ती सोडूनच बांधलं मी. आता शाळा बांधतोय तर तूच आडवी येतेस. गेल्या वेळी साहेब आले तेव्हा काय दाखवलंस त्यांना?

बाई : कळलंय की तुला सगळं सूनबाईकडून.

दादा : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

बाई : झाडून पुसून घेतलं. हे टेबल उचलून पुन्हा माझ्या खोलीत नेलं. शेडला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली, 'साहित्य कक्ष'. एका बाकावर दोघं दोघं बसवली. खिडक्यांत कुंड्या ठेवल्या. साहेब फिरले, चहा घेतला आणि म्हणाले, बाई, फार प्रशस्त आणि हवेशीर आहे हो तुमची शाळा.

दादा : आणि तू काय म्हणालीस?

बाई : थँक्यू म्हणाले.

दादा : धन्य आहे!

बाई : मग काय म्हणायचं होतं? पाहुणे येणार म्हटलं की आईसुद्धा घरातला पसारा पलंगाखाली ढकलायची. तूच मदत करायचास.

दादा : आई पसारा ढकलायची, चिमे. पोरं नव्हती ढकलत पलंगाखाली.

बाई : बोल, बोल. त्या वर्षी आदर्श शाळेची ढाल मिळाली, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तूच वाजवल्यास.

दादा : कुठाय ती ढाल?

बाई : माझ्या घरी, कपाटावर. शाळेत ठेवायला जागा नाही.

दादा : ऐक स्वतःचं.

बाई : मी रोजच ऐकते स्वतःचं! तुला काय वाटलं, मी मिरवायला लपवते? टेकडीखालच्या शाळेचं काय झालं ते आठव. तिथल्या बाईंनी सरळ दाखवलं सगळं. गर्दी बघा, व्हरांडे बघा, जिने बघा. साहेब म्हणाले, खरंच की, फार गर्दी आहे. आणि खोल्या दिल्या का? कागद काढला. दुसरं माध्यम पुलापलीकडच्या शाळेत हलवा. झाली गर्दी कमी! एक वीट लागली नाही. आणि त्या पुलावरून रोज कोण पाठवतंय सहा-सात वर्षांची पोरं? मुली तर कितीतरी घरीच बसल्या. त्यातली एक आपल्या घराशेजारी भांडी घासायला येते, बघितलीस ना?

दादा : बघितली.

बाई : म्हणून लपवते. जी दिसत नाहीत त्यांना कोण हलवणार? बागेत जातात, खेळतात, संध्याकाळी परत येतात. दुसऱ्या दिवशी आपापल्या भिंतीला बसतात. निदान बसतात तरी.

सर : येऊ का, बाई?

बाई : या, सर. विचारायला इथे दार कुठे आहे? हा माझा भाऊ. दादा, हे आपल्या दुसऱ्या माध्यमाचे प्रमुख.

सर : नमस्कार. नव्या इमारतीवर मी आपल्याला पाहिलं आहे.

दादा : नमस्कार, सर. तुमच्या दुसरीत एक बडबडी मुलगी आहे, तिचा मी आजोबा.

सर : असं! ती डस्टरकडे पाहत नाही. दोन्ही पाळ्यांत बोलते.

दादा : दोन भाषा आहेत ना तिच्याकडे. एक गप्प बसली की दुसरी सुरू.

सर : बाई, मी उद्याविषयी बोलायला आलो. मी उद्या मुलांना घेऊन जाणार नाही.

बाई : सर, आता हे काय मध्येच? गाड्या सांगून झाल्यात. बागेत कळवून झालंय.

सर : माझे पालक काल मला भेटले. त्यांनी मुलांचे गणवेश धुवून, इस्त्री करून ठेवले आहेत. ते म्हणाले, सर, साहेब येतात त्या दिवशी आमची मुलं शाळेत का नसतात? माझ्याजवळ उत्तर होतं. पण ते मला सांगता आलं नाही.

बाई : सांगायचं ना, तुमच्या भल्यासाठी करतोय म्हणून.

सर : ते मीही बरेच दिवस मानत होतो. बाई, आपण वाईट वागलात असं मी म्हणणार नाही. स्वतःची खोली आपण माझ्या पहिलीला दिलीत आणि इथे वाऱ्यात बसलात. पण मागच्या वेळी आम्ही बागेच्या फाटकातून आत गेलो, तेव्हा माळी मला म्हणाला, काय सर, आज साहेब आलेत वाटतं शाळेत? सगळ्या मुलांसमोर म्हणाला. मला फार लाज वाटली. त्याला माहीत होतं, मुलांना माहीत होतं, फक्त साहेबांना माहीत नव्हतं.

दादा : ऐक, ऐक.

बाई : तू गप्प बस! सर, तुम्हाला टेकडीखालची शाळा माहीत नाही का?

सर : माझी धाकटी बहीण तिथे शिकवत होती, बाई. मुलांबरोबर तीही पुलापलीकडे गेली. मला सगळं माहीत आहे.

बाई : तरीसुद्धा?

सर : तरीसुद्धा. हलवायचं असेल तर हलवतील. पण मुलांकडे पाहून हलवू देत. न पाहिलेली मुलं हलवायला एक सही पुरते.

बाई : आणि खरंच हलवली तर? त्या पालकांना तोंड कोण दाखवणार? तुम्ही की मी? दाखवलं तर निम्मी मुलं जातात, नाही दाखवलं तर मजला जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि तुम्ही दोघं मला काठावर उभी करून उपदेश करताय! दर महिन्याला नवं बिऱ्हाड येतं, मुलाचा हात धरून इथे उभं राहतं, आणि मला नाही म्हणता येत नाही. म्हणायचं तरी कसं? पोर दारात उभं असतं. मग एका बाकावर चारची पाच होतात. कंटाळले हो मी आता! रोज सकाळी गेटमधून आत येताना पहिला विचार काय येतो सांगू? आज कुणीतरी गैरहजर असू दे. शिक्षिका आहे मी, आणि मी मुलं येऊ नयेत म्हणून मनातल्या मनात हात जोडते.

दादा : चिमे...

बाई : नको. पाणी दे तिथलं. आणि हा फोन कुणाचा वाजतोय? माझाच. थांबा, शिक्षण कचेरीतून आहे. हॅलो. हो, मोठ्या बाईच बोलतेय. हो, हो, सगळी तयारी आहे. काय? येणार नाहीत? मग परवा? अहो, पण न बघता कसं ठरवणार? मागच्या भेटीवरून? काय लिहिलंय त्यात? पुन्हा वाचा जरा. हो. ऐकलं. नाही, काही नाही. ठेवते.

दादा : काय झालं?

बाई : साहेब येत नाहीत.

दादा : पुढे ढकललं?

बाई : नाही. यायची गरजच नाही म्हणतात. मागच्या भेटीत शाळा प्रशस्त आणि हवेशीर आढळल्यामुळे वरच्या मजल्याची तूर्त आवश्यकता दिसत नाही.

दादा : म्हणजे तुझं ते थँक्यू...

बाई : हो, दादा. माझं ते थँक्यू. आता हस.

दादा : हसू कसलं येतंय? उद्या-परवा मला कागद येईल. सळया कापा आणि गच्ची बंद करा. एकदा कापल्या, वर लेप बसला, कठडा झाला की संपलं. मग तो मजला कुणी चढवत नाही. सगळं पुन्हा फोडायला कोण पैसे देतंय?

सर : खालच्या खोल्यांत किती वर्ग मावतील?

दादा : ओढूनताणून एक माध्यम.

सर : आणि ते बाईंचंच असेल.

बाई : सर...

सर : मी दोष देत नाही. जुनी शाळा, जुनं माध्यम, पहिला हक्क. आम्ही इथेच राहू, पत्र्याखाली. आणि पुढे कधी आम्ही जागा मागितली तर सांगतील, आत्ताच तर नवी शाळा दिली.

बाई : ओरडा ना माझ्यावर, सर. असं पुस्तकातल्यासारखं बोलू नका. ओरडा!

सर : ओरडलो असतो. पण खाली शेडमध्ये आता आमची लिहायची पाळी आहे.

दादा : सर, माझ्या पोराच्या लग्नात माझी बहीण दोन्ही भाषांत भांडली होती. वाईट नाही ती. फक्त नीटनेटकेपणाचा रोग आहे तिला.

बाई : दादा, तू जरा थांबशील? सर, गाड्या रद्द केल्यात का तुम्ही?

सर : अजून नाही. आपल्याशी बोलून करणार होतो.

बाई : करू नका.

सर : बाई, आता बाग कशाला? साहेबच येत नाहीत.

बाई : बागेत नाही जायचं. क्षेत्रभेट आहे ना? टपाल कचेरी दाखवतो आपण मुलांना, बँक दाखवतो, अग्निशमन केंद्रात तर घंटासुद्धा वाजवू देतात. मग शिक्षण कचेरी दाखवायला कुणाची हरकत आहे? मुलांना कळायला नको, त्यांचं शिक्षण कुठे असतं ते?

दादा : तू हे चिडून बोलतेयस.

बाई : चिडूनच बोलतेय. शांत असते तर पुन्हा कुंड्या ठेवल्या असत्या.

सर : फक्त माझी मुलं?

बाई : तुमची, माझी, सगळी. दोन्हीकडची पहिली ते सातवी.

दादा : अग, गाड्यांत मावणार कशी?

बाई : नाहीच मावणार. लहान गाडीतून, मोठी रांगेनं चालत. बाजारातून गेलो तर तेवढंच लोक बघतील. बघू देत! आणि सर, पालकांना सांगा, यायचं असेल तर या. इस्त्रीचे गणवेश घालूनच पाठवा म्हणावं.

दादा : तुझी बदली करतील, चिमे.

बाई : करू देत. कुठल्याही शाळेत केली तरी याहून वेगळं काय असणार आहे?

दादा : ढाल परत मागतील.

बाई : देईन. कपाटावर गाद्या ठेवायला जागा होईल.

सर : बाई, एक विचारू? मघाशी आपल्याला जी भीती होती, ती माझ्या मनातून गेलेली नाही. साहेबांनी एवढी मुलं पाहिली आणि म्हणाले, ठीक आहे, निम्मी पुलापलीकडे पाठवा. मग?

बाई : मग मी म्हणेन, साहेब, ही सगळी तुमच्यासमोर उभी आहेत. यातली कुठली निम्मी, ती तुम्ही हातानं निवडा. मी बाजूला होते.

सर : त्यांना निवडता येणार नाहीत. गणवेश एकच आहे.

बाई : नावं विचारून निवडतील.

सर : हो. नावं विचारली तर कळेल.

दादा : माझ्या नातीचं नाव विचारलं तर काय कळणार आहे? एक नाव आईनं ठेवलंय, एक बापानं. साहेबांना तिचे दोन तुकडे करावे लागतील.

सर : मी पहिली-दुसरीला पुढे बसवतो, बाई. लहान दिसतात. आणि मुलांना काय सांगू? काय बघायला चाललोय?

बाई : खरं सांगा. आपल्याला जागा हवी आहे आणि ती मागायला चाललोय. आणि त्यांना म्हणावं, उद्या पाळी नाही. दोघांनीही बोलायचं.

दादा : आणि मी काय करू?

बाई : तू सळयांना हात लावू नकोस. कागद आला तरी म्हणायचं, कटर बिघडलाय.

दादा : खोटं बोलू?

बाई : गेली कित्येक वर्षं तुझी बहीण बोलतेय. तुला दोन दिवस जमणार नाही? आता बोलू नका दोघंही, मी फोन लावतेय. हॅलो? मघाशी बोललो ना आपण. हो, मोठ्या बाईच. नाही हो, तक्रार कसली? कळवायला केला. साहेबांना यायला जमत नाही म्हणालात, तर शाळाच येतेय तिकडे. उद्या सकाळी. नाही, शिष्टमंडळ नाही. मुलं. किती म्हणजे? आहेत तेवढी सगळी. हो, दोन्ही माध्यमांची. हो, आत्तापर्यंत तुम्हाला दिसली नाहीत ती धरून. साहेब मीटिंगमध्ये असतील? असू देत, आम्ही थांबू. काय म्हणालात? नाही नाही, खुर्च्या वगैरे काही मांडू नका. जागा नाही म्हणता? त्याची तुम्ही काळजी करू नका. जागा नसताना कसं बसायचं, ते आमच्या मुलांना येतं.